शेवंतीला नुसती पानंच येतायत? पुण्यातल्या बाल्कनीवाल्यांसाठी कळीपासून फुलापर्यंतची गाईड

तुमच्या कुंडीतली शेवंती मस्त हिरवीगार आहे, कमरेएवढी वाढलीय, शेजारचे येऊन वा वा करतायत आणि नोव्हेंबर उजाडला तरी कळी एकसुद्धा नाही, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं पहिल्या वर्षी हेच झालं. २०२३ ची गोष्ट, सहा कुंड्या होत्या, सासूबाईंना सांगून ठेवलेलं की यंदा मार्गशीर्षातल्या गुरुवारी फुलं विकत आणायची नाहीत, घरचीच वाहायची. सहापैकी दोनच कुंड्या फुलल्या, त्यासुद्धा वॉशिंग मशीनच्या मागे अडचणीत ठेवलेल्या, ज्यांच्याकडे मी ढुंकून बघत नव्हते. ज्या चार कुंड्यांना मी रोज गोंजारत होते त्या ढिम्म. सासूबाई काही बोलल्या नाहीत, गुपचूप मंडईतून पावशेर फुलं घेऊन आल्या, ते जास्त लागलं मनाला.

कारण कळायला मला अख्खं वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये.

आमचं घर कोथरूडला, तिसरा मजला, दक्षिणेची बाल्कनी. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तारखा आठवडाभर इकडेतिकडे करून घ्या.

लागणारं सामान

- ८ ते १० इंची कुंड्या किंवा ग्रो बॅग, खाली भोकं असलेल्या. भोकं नसलेली शोभेची कुंडी नको.
- लाल माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट, थोडी निंबोळी पेंड
- बांबूच्या काड्या आणि सुतळी
- १९:१९:१९ आणि ०:५२:३४ ही पाण्यात विरघळणारी खतं. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश ह्यांच्या टक्क्यांचे, म्हणजे दुसऱ्यात नत्र नाहीच. मार्केट यार्डाच्या आसपासच्या कृषी सेवा केंद्रात मिळतात, दुकानदाराला 'शून्य बावन्न चौतीस' म्हटलं की लगेच कळतं.
- नीम तेल आणि स्प्रेची बाटली
- जाड काळं कापड. जुना पडदा, छत्रीचं कापड, काहीही चालेल पण आरपार दिसायला नको. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि ह्याच्याबद्दल नर्सरीत कोणीच सांगत नाही.

कागदपत्रं वगैरे काही लागत नाहीत, पण कुंड्या सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर सेक्रेटरीला एक अर्ज देऊन त्याची पोच घेऊन ठेवा. पावसाळ्यात खालच्या फ्लॅटमध्ये ओल आली की पहिलं बोट तुमच्या कुंड्यांकडे जातं, वॉटरप्रूफिंग वीस वर्षं जुनं असलं तरी.

१. आधी ऊन बघा, ते पण ऑक्टोबरचं

शेवंतीला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. इथे पहिला सापळा आहे. आपण कुंड्या लावतो जूनमध्ये, तेव्हा उत्तरेच्या बाल्कनीत पण ऊन येतं आणि आपण खूश होतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यानंतर तो दक्षिणेला सरकत जातो आणि कळ्या धरायच्या वेळेला उत्तरेच्या बाल्कनीत थेंबभर ऊन राहत नाही. माझ्या बहिणीचं सिंहगड रोडला हेच झालं, सगळी रोपं उंच, बारीक आणि एका बाजूला कललेली, जणू रांगेत मान वाकडी करून पुढे किती लोक आहेत ते बघतायत.

म्हणून दक्षिण किंवा पूर्व सगळ्यात बरी, पश्चिमेचीही चालते. उत्तरेची असेल तर ऑगस्टनंतर कुंड्या गच्चीवर हलवायची तयारी ठेवा, नाहीतर दुसरं काहीतरी लावा.

२. रोप कुठून आणायचं

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नर्सरीत फुललेली बुटकी गुटगुटीत कुंडी मिळते, ती बघून सगळेच फसतात. फसतात म्हणजे फुलं खरीच असतात, पण ते रोप बुटकं राहावं म्हणून बऱ्याचदा त्याला वाढ रोखणारं औषध मारलेलं असतं, त्याचा असर गेला की पुढच्या वर्षी तेच रोप दुप्पट उंच होतं आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तुमचं काही चुकलेलं नसतं. ते रोप घ्या बिनधास्त, पण पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी घ्या.

मी सांगेन की मे-जूनमध्ये सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांना एक चक्कर मारा. तिथे देशी वाणाची छोटी रोपं मिळतात. झिप्री मागा, पिवळी, छोट्या फुलांची, भरपूर फुलते आणि नवख्यांच्या चुका पोटात घालते. राजा पण चांगली. मोठ्या टेनिस बॉलएवढ्या फुलांच्या जाती पहिल्या वर्षी नकोच.

फुकटचा मार्ग पण आहे. कोणाकडे जुनी शेवंती असेल तर तिच्या बुडाशी जमिनीतून नवे फुटवे निघतात, त्यांना मुनवे किंवा काश्या म्हणतात. मुळासकट एक फुटवा उपटून आणला की झालं. किंवा जूनमध्ये दोन-तीन इंचाचा कोवळा शेंडा कापून, खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमध्ये खोचायचा, सावलीत ठेवायचा, पंधरा-वीस दिवसात मुळं धरतात. फक्त शेंड्यावर कळी नको. कळीवाला शेंडा मुळं धरण्याऐवजी फुलायच्याच मागे लागतो.

३. माती

पटकन सांगते कारण ह्यात फार काही नाही. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती गावाहून गोणीत भरून आणायचा मोह होतो, आणू नका. कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात वीट, आणि शेवंतीच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. शेणखत ताजं नको, हाताला भुसभुशीत लागलं पाहिजे आणि वास मातीचा आला पाहिजे, शेणाचा नाही.

४. जून ते ऑगस्ट: खुडायला शिका

रोप पाच-सहा इंच झालं की वरचा शेंडा खुडायचा. जीवावर येतं, माहितीये. पण न खुडलेली शेवंती एकाच काठीसारखी वर जाते आणि टोकाला चार फुलं येतात. खुडली की बाजूने तीन-चार फांद्या फुटतात, त्या चार इंच झाल्या की त्यांचे पण शेंडे खुडायचे.

अंगठ्याचं नख आणि तर्जनी, बस. शेंडा टक्कन तुटला पाहिजे. वाकून लोंबकळला आणि साल ओढत आली तर तुम्हाला उशीर झालाय, अजून वरच्या कोवळ्या पेरावर खुडा. बोटांना शेवंतीच्या पानांचा तो कडवट औषधी वास संध्याकाळपर्यंत राहतो, मला आवडतो, नवऱ्याला नाही. काही जणांच्या हाताला त्या पानांनी पुरळ येतं, तसं असेल तर हातमोजे घाला. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याला पानं चावू देऊ नका, शेवंती त्यांना बाधते.

शेवटची खुडणी १५ ऑगस्टच्या आसपास. झेंडावंदन करून या आणि शेवटचे शेंडे खुडा, असं लक्षात ठेवलंय मी. त्यानंतर हात लावायचा नाही, कारण त्यानंतर खुडलेले शेंडे म्हणजे ज्यावर कळ्या येणार होत्या तेच शेंडे. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण सप्टेंबर संपेपर्यंत खुडत बसली, रोप अगदी गोल चेंडूसारखं झालं तिचं, फोटो भारी आले, फुलं मात्र नाताळ उलटून गेल्यावर आली आणि ती पण मोजकी.

ह्या काळात दर दहा-बारा दिवसांनी १९:१९:१९, लिटरला दोन ग्रॅम. जास्त घातलं की जास्त वाढेल असं वाटतं, पण पानांच्या कडा करपतात. पाऊस सलग असेल तर खत देऊन उपयोग नाही, भोकातून वाहून जातं.

५. सप्टेंबर ते नोव्हेंबर: अंधार द्या

आता मुख्य मुद्दा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकलं तर फुलं नाहीत.

शेवंतीला फुलायची वेळ झाली हे थंडीवरून किंवा खतावरून कळत नाही, ते रात्र किती लांब आहे त्यावरून कळतं. ती लघुदिवसी वनस्पती आहे, म्हणजे दिवस छोटे आणि रात्री मोठ्या झाल्या की कळ्या धरते. ही भानगड पहिल्यांदा नीट उलगडली ती अमेरिकेत, गार्नर आणि अलार्ड ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये. त्यांच्याकडे मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात होती जी उन्हाळ्यात नुसती माणसाच्या डोक्यावर वाढत जायची आणि फुलायचं नाव नाही. त्यांनी रोपं रोज ठरावीक वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे कळलं की खरं मोजमाप दिवसाचं नाही, सलग अंधाराचं आहे, आणि ते मोजतात पानं.

पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात आणि डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो. म्हणजे निसर्गाने आपली सोय केलेली आहे, सप्टेंबरपासून रात्री आपोआप लांबतात, शेवंती आपोआप कळ्या धरते आणि त्यानंतर जातीप्रमाणे साधारण आठ-दहा आठवड्यात फुलते. मग अडतं कुठे?

अडतं समोरच्या खांबावरच्या दिव्याशी. आमच्या बाल्कनीच्या अगदी नजरेसमोर रस्त्यावरचा दिवा आहे, पांढरा फटफटीत एलईडी, संध्याकाळी लागतो तो पहाटेपर्यंत. माझ्या चार लाडक्या कुंड्या कठड्याला लागून, थेट त्याच्या उजेडात. त्यांच्यासाठी रात्र झालीच नव्हती, जून संपलाच नव्हता. आणि वॉशिंग मशीनच्या मागे टाकलेल्या त्या दोन कुंड्यांवर मशीनची सावली पडत होती, म्हणून त्या शहाण्यासारख्या वेळेवर फुलल्या. पुढच्या वर्षी एका कुंडीत तर अर्ध्या रोपाला कळ्या आणि रस्त्याकडच्या अर्ध्याला नुसती पानं, असंही बघितलं.

तपासायचं कसं? माझी ढोबळ कसोटी अशी: रात्री दहाला घरातले सगळे दिवे बंद करून कुंडीजवळ जा आणि वर्तमानपत्र पानांच्या उंचीवर धरा. मथळ्याखालचा बारीक मजकूर वाचता आला तर तिथे उजेड जास्त आहे. एकट्या मथळ्याचा अंदाज येतोय तर बहुतेक चालेल. माणसाचे डोळे अंधाराला सरावतात म्हणून 'तसा अंधारच आहे की' असं वाटण्यावर भरवसा ठेवू नका.

उपाय सोप्यापासून अवघडाकडे:

अ) कुंडी हलवा. कठड्यावरून खाली जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला. दिवसा ऊन आणि रात्री सावली असा कोपरा मिळाला तर तुमचं काम तिथेच संपलं, पुढचं वाचू नका.

आ) रस्त्याच्या बाजूने रात्रीपुरता काळा पडदा लावा. मी बाल्कनीच्या ग्रीलला वर दोरी बांधून छत्रीच्या कापडाचा पडदा केलाय, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवते. संध्याकाळी साडेसहाला लावायचा, सकाळी सातला काढायचा. काढायला विसरलात तर दिवसाचं ऊन जातं, हे पण होतं.

इ) कुंड्यांवर खोकं पालथं घाला. फ्रीजचं किंवा टीव्हीचं मोठं पुठ्ठ्याचं खोकं चालतं, वरच्या बाजूला हवेसाठी दोन-चार भोकं पाडून त्यावर कापडाचा तुकडा टाका. प्लॅस्टिकची काळी पिशवी घालू नका. मी घातली होती, सकाळी आत सगळं घामेजलेलं आणि आठवड्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. अर्ध्या रोपाला टोपी घालून पण उपयोग नाही, मोजमाप पानं करतात म्हणून सगळी पानं झाकली गेली पाहिजेत.

हे करायचं सप्टेंबरच्या मध्यापासून कळीवर रंग दिसेपर्यंत. रोज. एखाद दिवस राहिला तर आभाळ कोसळत नाही, चार दिवसांनी उशीर होईल फार तर. पण आज झाकलं, उद्या नाही, परवा गावाला गेलो असं केलंत तर एक विचित्र प्रकार होतो: कळी धरते, पण पुढे सरकत नाही, तिच्याभोवती अरुंद पट्ट्यांसारखी पानं येतात आणि ती तशीच हिरवट गाठ होऊन बसते. असं दिसलं की ती गाठ खुडून टाका आणि बाजूच्या फुटव्यांना नेमाने अंधार द्या, ते फुलतात.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. मी भाच्याला म्हटलं की बाबा मला बारा तास अंधार, फुलोरा वगैरेचे व्हिडिओ शोधून दे, त्याने दिले, मी दोन संध्याकाळ मन लावून वहीत टिपणं काढली आणि मग लक्षात आलं की निम्म्याहून जास्त व्हिडिओ गांजाचे आहेत! तो पण लघुदिवसीच, म्हणून गणित सारखं दिसतं. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ते रोप लावणं गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे 'एकच कुंडी लावून बघू' असलं काही डोक्यात आणू नका. आणि शेवंतीसाठी त्यातला सल्ला जसाच्या तसा लागू पण पडत नाही. त्यात रात्री एक क्षणभर उजेड पडला की सगळं वाया अशी भीती घालतात. शेवंती एवढी नाजूक नाही. पॉलीहाऊसवाले जेव्हा मुद्दाम शेवंतीचं फुलणं लांबवतात, सणाच्या तारखेला माल यावा म्हणून, तेव्हा ते रात्री दहा ते दोन असे तासन् तास दिवे लावतात, तेव्हा कुठे ती थांबते. म्हणजे तुम्ही रात्री पाणी प्यायला उठून दोन मिनिटं बाल्कनीचा दिवा लावलात तर काही बिघडत नाही. रोज रात्री बाराच्या पुढे दिवा लावून बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसत असाल तर बिघडतं.

६. गणपतीचा मांडव आणि इतर खास पुणेरी अडचणी

२०२४ मध्ये माझं सगळं ठरलेलं होतं, पडदा तयार होता, आणि ७ सप्टेंबरला गणपती बसले. सोसायटीचा मांडव नेमका आमच्या विंगखाली, दोन मोठे हॅलोजन आमच्या बाजूला तोंड करून. पडदा रस्त्याच्या बाजूने होता, उजेड खालून येत होता. मांडव अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे १७ तारखेपर्यंत, आणि मग चेअरमनना आठवण करून करून हॅलोजन उतरले त्याला अजून पाच दिवस. त्या वर्षी फुलं आली, पण पंधरा दिवस उशिरा.

आता मी काय करते, वर्गणी द्यायला जाते तेव्हाच मांडवाचं काम बघणाऱ्या दादांना सांगते की एक हॅलोजन जरा गेटकडे फिरवा. भांडून कोणी ऐकत नाही, पण 'बाप्पाला दसऱ्याला आमच्या घरची शेवंती आणून देते' म्हटलं की ऐकतात. दसऱ्याला शेवंती फुललेली नसते हा भाग वेगळा, तेव्हा झेंडू देते.

नवरात्रात पण लायटिंग असतं पण ते बहुतेक मिणमिणतं, त्याने माझं तरी काही बिघडलेलं नाही. दिवाळीचा आकाशकंदील मात्र लोक बरोब्बर कुंड्यांच्या वर टांगतात आणि रात्रभर चालू ठेवतात. तोपर्यंत कळ्यांवर रंग दिसत असेल तर काळजी नाही, एकदा रंग दिसला की उजेडाचं पथ्य संपलं. नसेल दिसत तर कंदील दुसऱ्या टोकाला टांगा किंवा झोपताना बंद करा.

७. कळी दिसली! आता काय

ऑक्टोबरमध्ये कधीतरी फांद्यांच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे मणी दिसतील. हीच कळी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कीड वाटली होती.

खत बदलायचं. १९:१९:१९ थांबवा आणि ०:५२:३४ सुरू करा, लिटरला दोन ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा, असं दोन-तीन वेळा. आता नत्र जास्त दिलं की पानं माजतात, देठ लुसलुशीत होतात आणि मावा चढतो. कळीवर रंग दिसला की खत पूर्ण बंद.

कळ्या विरळ करायच्या की नाही हे तुमच्यावर. मोठ्या फुलांची जात असेल तर प्रत्येक फांदीला मधली मोठी कळी ठेवून बाजूच्या बारीक कळ्या काढायच्या, मटारएवढ्या व्हायच्या आत. झिप्रीसारख्या छोट्या फुलांना हे करायची गरज नाही, तिथे उलट मधली एकच कळी काढली तर बाजूच्या सगळ्या एकदम फुलतात आणि घोस दिसतो. मी पूजेसाठी लावते म्हणून मला संख्या हवी, मोठं फूल नको.

काड्यांचा आधार आत्ताच द्या. फुलांचं वजन आल्यावर आणि वर पाऊस पडल्यावर फांद्या बुडातून फाकतात. काडी खोचताना मुळं तुटतात म्हणून खरंतर हे ऑगस्टमध्येच करायला हवं, पण कोण करतं.

पाणी: सकाळी, मुळाशी. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तर द्या. ऑक्टोबर हीटमध्ये रोज लागतं, नोव्हेंबरात दिवसाआड. कळ्या असताना रोप एकदा जरी पूर्ण माना टाकेपर्यंत सुकलं तर कळ्या तपकिरी होऊन तशाच वाळतात, हे एकदा झालं की परत येत नाही. आणि ऑक्टोबर फारच तापला तर फुलं थोडी लांबतात, त्याला इलाज नाही.

८. मावा, भुरी

शेवंती आणि काळा मावा हे लग्नाचं नातं आहे. कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या खाली, मोहरीसारखे काळे ठिपके दिसतील, आणि आजूबाजूला मुंग्या. मुंग्या दिसल्या की मावा आलाच समजा. थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि बोटांनी पुसून टाकणं पुरतं. जास्त असेल तर लिटरला पाच मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पाच-सहा दिवसांनी परत.

पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक दोन ग्रॅम लिटरला. आणि आता सापळा: नीम तेल आणि गंधक एकत्र किंवा लागोपाठ मारायचं नाही, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या, नाहीतर पानं भाजल्यासारखी होतात. मी शनिवारी एक आणि रविवारी दुसरं मारलं होतं, 'वीकेंडला उरकून टाकू' म्हणून. सोमवारी रोप बघवत नव्हतं.

खालची पानं काळे-तपकिरी डाग पडून वाळतात, ते पावसाळ्यात जवळजवळ सगळ्यांकडे होतं. ती पानं काढून टाका, कुंडीतच पाडू नका, आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका. फुलं उमलली की कुठलाच फवारा नाही, पाकळ्यांवर डाग पडतात आणि ती फुलं देवाला वाहायची आहेत.

९. परतीचा पाऊस

ऑक्टोबरात दुपारी कडक ऊन आणि चारला एकदम काळोख करून धो धो, पुणेकरांना सांगायला नको. गच्चीवर असाल तर कळ्यांवर रंग आल्यापासून संध्याकाळी कुंड्या पत्र्याखाली किंवा जिन्याच्या आडोशाला घ्या. अर्धवट उमललेल्या फुलात पाणी साचलं की मधूनच कुजतं, वरून छान दिसतं आणि हातात घेतलं की पाकळ्या गळतात. फक्त जिन्यात घेतलंत तर जिन्याचा रात्रभर जळणारा दिवा विसरू नका! माझ्या बहिणीने नेमकं तेच केलं.

१०. फुलं आल्यावर आणि संपल्यावर

फुलं सकाळी लवकर काढा, पूर्ण उमललेली. शेवंतीचं फूल झाडावर दोन-तीन आठवडे आरामात टिकतं, घाई नाही. सुकलेली काढत राहा म्हणजे बाकीच्यांना जोर मिळतो.

जानेवारीत फुलं संपली की रोप जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून सरळ छाटा. वाळलं समजून फेकू नका, नव्वद टक्के लोक इथे फेकतात आणि जूनमध्ये परत दीडशे रुपये देऊन आणतात. महिन्याभरात बुडाशी मुनवे निघतील. उन्हाळ्यात कुंड्या दुपारच्या उन्हापासून वाचवा, पाणी बेताचं द्या. पहिला पाऊस पडला की मुनवे वेगळे करून नव्या मातीत लावा आणि परत चौथ्या पायरीवर या. मधल्या काळात जमलं तर जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं तिथे एक चक्कर मारा, हातात मोबाईल आणि कुंडीवरच्या जातीच्या पाट्यांचे फोटो. पुढच्या वर्षी नर्सरीत 'ती पिवळी, मोठी, अशी अशी' म्हणण्यापेक्षा नाव घेऊन मागता येतं.

एका कुंडीतून मला पाच-सहा मुनवे मिळतात, एवढ्या कुंड्या ठेवायला जागा नाही. यंदा दोन रोपं त्या मांडववाल्या दादांना दिली. त्यांची बाल्कनी मागच्या बाजूला आहे, समोर नाला आणि मोकळं मैदान, रात्री मिट्ट काळोख. त्यांनी ना पडदा लावला ना शून्य बावन्न चौतीस घातलं, आणि त्यांची शेवंती माझ्याआधी आठ दिवस फुलली.